फिश पाई: वर बटाटा की पेस्ट्री, आणि मासा कच्चा की शिजवलेला?

फिश पाई म्हणजे सॉसमधल्या माशावर थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. ती करायची ठरली की पहिला वाद वरच्या थरावरून होतो: कुस्करलेला बटाटा की पेस्ट्री (केकवाली नव्हे, मैदा-लोण्याची लाटलेली पोळी)? माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. आधी ठरवायचं ते माशाला सुटणाऱ्या पाण्याचं काय करायचं हे. पाई फसते ती बहुतेक वेळा तिथेच. वरून मस्त सोनेरी दिसते आणि डाव आत घातला की तळाशी पचपचीत पांढरं पाणी.

सामान फारसं लागत नाही. चौघांना 600 ते 700 ग्रॅम बिनकाट्याचा मासा, लोणी-मैदा-दुधाचा व्हाईट सॉस आणि वर घालायला किलोभर बटाटे किंवा पेस्ट्री. हा पदार्थ मूळचा ब्रिटनचा. तिथे कॉड किंवा हॅडॉकसारखा पांढरा मासा, थोडा सॅमन आणि थोडा धुरी दिलेला हॅडॉक असं मिश्रण घेतात. कोळंबी आवडत असेल तर जरूर घाला, पण कच्चीच. आधी शिजवलेली कोळंबी ओव्हनमध्ये पुन्हा तापली की रबरासारखी लागते.

मासा आधी शिजवून

जुनी रीत अशी: पसरट भांड्यात दूध, त्यात तमालपत्र, कांद्याची फोड, चार मिरीदाणे आणि मासा. दूध खळाखळा उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे. मासा काढून दूध गाळायचं आणि त्याच दुधाचा सॉस करायचा. माशाचं बरंचसं पाणी आधीच दुधात उतरलेलं असतं, त्यामुळे सॉस किती दाट ठेवायचा हे पूर्ण तुमच्या हातात राहतं. शिवाय त्या दुधाला जी चव येते ती नुसत्या दुधाच्या सॉसला कधीच येत नाही.

अडचण एकच, मासा दोनदा शिजतो. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि तिथून पुढे तो झपाट्याने कोरडा पडतो. म्हणून मधला भाग अजून जरा काचेसारखा दिसत असतानाच तो दुधातून काढा. उरलेलं काम ओव्हन करतो.

मासा कच्चाच

इथे मासा टिपून कोरडा करायचा, तीनेक सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि गार झालेल्या सॉसमध्ये सरळ मिसळायचे. तुकडे अखंड राहतात, मासा रसदार लागतो, एक भांडंही कमी घासावं लागतं. पण सुटेल तेवढं सगळं पाणी सॉसमध्येच जाणार. मासा गोठवलेला असेल तर आणखी जास्त, कारण बर्फाच्या कणांनी त्याचं मांस आतून फाटलेलं असतं. तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटायला ठेवा आणि कागदाने दाबून दाबून टिपा.

हे पाणी गृहीत धरूनच सॉस करायचा. लोणी 50 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम हे दोन्हीकडे सारखं. मासा शिजवून घेतलेला असेल तर दूध 600 मिली, कच्चा असेल तर 450 मिलीच्या पुढे जाऊ नका. हा सॉस चमच्यातून धार धरून पडत नाही, गोळ्यागोळ्याने पडतो. तो बघून हात दुधाच्या भांड्याकडे जातोच, आवरा. सॉस उकळी आल्यावरही पाचेक मिनिटं मंद आचेवर हलवत राहा, नाहीतर मैद्याचा कच्चट वास राहतो.

कुठली रीत घ्यायची? माशात धुरी दिलेला मासा असेल तर तेवढाच दुधात शिजवा, कारण त्याचा धूर दुधात उतरणं हीच तर त्याची मजा. बाकीचा मासा कच्चा घाला. दूध मात्र 450 मिलीच घ्यायचं. धुरी दिलेला मासा खारट असतो, तेव्हा सॉस चाखल्याशिवाय मीठ घालू नका.

आता वरचा थर

बटाटा चुका पोटात घालतो. सॉस थोडा पातळ झाला तरी लगदा त्यातलं थोडं शोषून घेतो, म्हणून कच्च्या माशाला बटाट्याचीच जोड बरी. बटाटा पिठूळ जातीचा हवा. उकडून पाणी काढलं की रिकाम्या गरम भांड्यात दोन मिनिटं तसाच ठेवा, वाफ जाऊ द्या, मग हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवलात तर स्टार्च मोकळा होऊन खळ तयार होते आणि ती कशानेही सुधारत नाही. आतलं सारण गार आणि घट्ट झालेलं असलं की लगदा वर बसतो, गरम असलं की बुडतो. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे या आणि काट्याने रेघा ओढा. त्या रेघांचे कंगोरे आधी लाल होतात आणि घरात सगळ्यांचा डोळा त्यांच्यावरच असतो. 200 अंशांवर 30 ते 35 मिनिटं, कडेने सॉस बुडबुडेपर्यंत.

पफ पेस्ट्री, म्हणजे भाजताना पापुद्रे फुलणारी, दिसायला देखणी, पण लाडावलेली. खालून वाफ लागली की तिची आतली बाजू लिबलिबीत होते. सारण पूर्ण गार हवं, मासा शक्यतो आधी शिजवलेला, आणि वाफ जायला मधे चीर हवीच. तशी पेस्ट्री या घरातली थोरली. युरोपात बटाटा पोचला 16व्या शतकात, पेस्ट्रीत मासे भरणं त्याहून जुनं. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या माउझल गावात 23 डिसेंबरला होणाऱ्या पाईत तर माशांची डोकी पेस्ट्रीतून वर, आकाशाकडे बघत असतात. पाहुण्यांपुढे मी तरी ती ठेवणार नाही.

घाईच्या दिवशी फिलो, म्हणजे कागदासारखी पातळ पेस्ट्री. तिच्या पापुद्र्यांना लोणी लावायचं, चुरगाळून वर टाकायचे, 25 मिनिटांच्या आसपास काम होतं. कुरकुरीत लागते, पण पोट भरायला सोबत काहीतरी लागतं.

उरलेली पाई दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि दोन दिवसांत संपली पाहिजे. बटाट्याची दुसऱ्या दिवशी नीट गरम होते, पेस्ट्रीची नाही. फ्रीझरसाठी करत असाल तर फक्त बटाट्याचीच करा, आणि त्यात उकडलेली अंडी घालू नका. गोठल्यावर त्यातला पांढरा भाग चिवट होतो.