ऑफिसचं लिखाण सुधारायला घेतलं त्याला आठ महिने झाले, काय टिकलं काय गळालं

सुरुवात एका मेलमुळे झाली. चार पॅरेग्राफ लिहिले होते, मला तर एकदम मुद्देसूद वाटत होतं, आणि वरून एका ओळीचा रिप्लाय आला की माझ्याकडून तुला नक्की काय पाहिजे? पाहिजे होतं फक्त एक अप्रूव्हल, आणि ते चौथ्या पॅऱ्यात शेवटून दुसऱ्या ओळीत दडून बसलं होतं.

मग पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, व्याकरण तपासणारं एक्सटेन्शन टाकलं, दोन महिने पेडपण घेतलं. फायदा झाला नाही असं नाही. आपल्या भाषेत आर्टिकल नसतात त्यामुळे इंग्रजीत 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही यात माझी कायमची बोंब, ती बरीच कमी झाली. पण गंमत म्हणून तोच चार पॅऱ्यांचा मेल त्यात टाकला तर त्याने तीन स्वल्पविराम सुचवले आणि बाकी सगळं उत्तम म्हणून मोकळं झालं! म्हणजे चुका पकडल्या, पण मेल वाया गेलेला आहे हे त्याला कळायचं काही कारणच नाही. शिवाय त्याच्या सगळ्या सूचना घेत गेलं की सगळं लिखाण एकाच साच्यातलं वाटायला लागतं, सहकाऱ्याला सॉरी म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या त्या पॉलिश होऊन कस्टमर केअरच्या रिप्लायसारख्या दिसायला लागल्या. आता फ्री व्हर्जन ठेवलंय, पाठवायच्या आधी एक नजर, बास.

मधे रीडेबिलिटी स्कोअरचं, म्हणजे लिखाण वाचायला किती सोपं आहे त्याच्या आकड्याचं, वेड लागलं होतं. वर्डमध्ये सेटिंग चालू केलं की तपासणी झाल्यावर फ्लेश स्कोअर दिसतो, जितका जास्त तितकं सोपं, ६० ते ७० म्हणजे साधं इंग्रजी. मी महिनाभर तो आकडा वाढवायच्या मागे होतो, वाक्यं तोडतोय, मोठे शब्द काढतोय. नंतर वाचलं की १९४८ सालच्या त्या फॉर्म्युल्यात मोजतात दोनच गोष्टी, वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती सिलॅबल (उच्चाराचे तुकडे). म्हणजे एखाद्या वाक्यातले शब्द उलटसुलट करून ठेवले तरी स्कोअर तोच येणार. करून बघितलं, खरंच तोच आला. वाक्यं फार लांबतायत का एवढं बघायला ठीक आहे, त्यापुढे त्याचं ऐकू नका.

फुकटातलं सगळ्यात चांगलं काय विचाराल तर दोन नावं सांगेन. पर्ड्यू युनिव्हर्सिटीची ऑनलाइन रायटिंग लॅब, मेमो, रिपोर्ट, बायोडेटा काहीही अडलं की तिथे सापडतं, पण ती सलग वाचायची गोष्ट नाही, अडलं की जायचं. दुसरं गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स. आहेत इंजिनिअर लोकांसाठी पण ॲक्टिव्ह व्हॉइस, छोटी वाक्यं आणि वाचणाऱ्याला आधीपासून काय माहितीय हा भाग कुणालाही चालेल. मात्र कोर्स संपवल्यावर मी पॅसिव्ह दिसला की खोडायला लागलो, तसं करू नका. 'सर्व्हर रात्री बंद केला जाईल' यात कोण बंद करणार याच्याशी वाचणाऱ्याला काही घेणंदेणं नसतं.

अमेरिकन सैन्यात एक पद्धत आहे, बॉटम लाइन अप फ्रंट, म्हणजे जे पाहिजे ते पहिल्या ओळीत आणि कारणं नंतर. वाचायला अगदीच बाळबोध वाटतं, पण मला सवय व्हायला तीन महिने लागले, कारण आधी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय काही मागायचं म्हणजे उद्धटपणा वाटतो ना. आता मी मेल नेहमीसारखाच लिहितो आणि पाठवताना शेवटचा पॅरा कट करून वर पेस्ट करतो. दहातल्या सात-आठ वेळा तेवढ्यानेच काम होतं.

अमेरिकन लेखक आणि नेता बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी चांगले निबंध घेऊन प्रत्येक वाक्याचं एकेक छोटं टिपण काढायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ न बघता त्या टिपणांवरून परत लिहून मूळाशी ताडून बघायचा. मी हे आमच्या एका सीनियरच्या रिपोर्टांवर केलं, पाच-सहा वेळाच, कारण वेळ फार जातो. पण त्यात जे कळलं ते कुठल्या कोर्समध्ये कळलं नव्हतं, की ती बाई 'तथापि', 'त्या अनुषंगाने' टाइपचे जोडशब्द जवळजवळ वापरतच नाही, वाक्यांचा क्रमच असा लावते की गरज पडत नाही. माझ्या रिपोर्टात एका पानावर 'हाउएव्हर' चार वेळा होता.

तरी एकच सवय ठेवा म्हणालात तर मी दुसरीच सांगेन. दर शुक्रवारी महिन्याभरापूर्वी पाठवलेले पाच मेल उघडायचे आणि त्याखाली आलेले रिप्लाय वाचायचे. महिन्याने आपण आपल्याच मेलला परके झालेलो असतो, त्यामुळे कुठे अडखळायला होतं ते लगेच दिसतं, आणि ज्याच्याखाली 'म्हणजे नक्की कधीपर्यंत?' असा प्रश्न आलाय तो मेल फसला, त्याला दुसरा पुरावा नको. असे फसलेले मी एका फाइलीत टाकतो. बहुतेकांत तारीखच नव्हती! 'लवकरात लवकर' असं लिहिलेलं होतं. एवढी एक गोष्ट सुधारली तरी उलट प्रश्न निम्म्यावर आले (मोजमाप माझंच, फार शास्त्रीय समजू नका).

एआयकडून लिहून घेणं मी सोडलं, कारण मला काय म्हणायचंय हे ठरवायचंच राहून जात होतं आणि मेल मात्र गुळगुळीत. आता उलटं करतो, माझा ड्राफ्ट देतो आणि विचारतो, हे वाचून तू काय करशील? उत्तर भलतंच आलं तर ड्राफ्ट परत लिहायचा.

मोठ्या रिपोर्टांचं अजून जमलेलं नाही. मेल आटोक्यात आले पण दहा पानांचा रिपोर्ट लिहायला बसलो की तीच जुनी सवय, सातव्या पानावर मुद्दा. मीटिंगच्या नोट्सबद्दल तर बोलायलाच नको. त्यावर कुणाकडे काही चालणारा उपाय असेल तर सांगा.