प्रेशरचे मोजे आणि व्हेरिकोज व्हेन्स : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत आणि काम मात्र उभ्यानेच करावं लागतं, अशांसाठी हे लिहितेय. मी नागपुरात डब्यांची मेस चालवते. पहाटेपासून ओट्यापाशी उभी, संध्याकाळी पुन्हा तेच, त्यात गॅसची धग. गेल्या दिवाळीपासून क्लास 2 दाबाचे मोजे रोज घालतेय. हिवाळा गेला, इथला मे महिना गेला, आता पावसाळा चालू आहे. मोज्यांमुळे माझे दिवस सुसह्य झाले. शीर मात्र त्यांनी बरी होत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही. मग काही जण पंधरा दिवसांत मोजे कपाटात टाकतात आणि काही जण वर्षानुवर्षं नुसत्या मोज्यांवर काढतात.

माझा त्रास असा: दुपारनंतर पोटऱ्या जड व्हायच्या, रात्री गोळे यायचे, डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून खाजायला लागली होती. शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की वर जायचं रक्त पुन्हा खाली येतं आणि घोट्यापाशी दाब साठतो. तांबड्या पेशी बाहेर झिरपून फुटतात, त्यातलं लोह कातडीत उतरतं, म्हणून तो काळा डाग. मी आधी त्याला इसब समजून मलम लावत होते, तसं बऱ्याच बायका करतात.

मोज्यांचा दाब घोट्याला सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत जातो. जर्मन मापानुसार क्लास 2 म्हणजे घोट्यापाशी 23 ते 32 मिलिमीटर पारा. ब्रिटिश मापाचा क्लास 2 याहून हलका असतो, म्हणून पाकिटावरचा नुसता क्लास बघू नका, आकडा बघा. कंपनीचं नाव देत नाही, कारण सगळा खेळ मापाचा आहे. एका दुकानात माझी उंची विचारून जोडी हातात ठेवली. ती गुडघ्यामागे रुतायची. नंतर दुसरीकडे सकाळी, सूज नसताना, घोटा आणि पोटरी टेपनं मोजून घेतली, तेव्हा कुठे नीट बसली.

घालणं हीच खरी परीक्षा. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच घालायचे, एकदा उभं राहिलं की पायावर सूज चढायला लागते. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाचेची जागा बरोबर टाचेवर आणायची. मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यानं थोडं थोडं वर सारत न्यायचं. वरची कड धरून ओढलं की सुरकुत्या पडतात आणि त्या काचतात. पहिल्या आठवड्यात रडू यायचं, आता चहाचं आधण येईपर्यंत दोन्ही पाय होतात. पायाला तेल रात्रीच लावते, सकाळी लावलं तर मोजा चढत नाही आणि त्याचं इलॅस्टिकही खराब होतं. हातानं साध्या साबणात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तरी साधारण सहा महिन्यांनी दाब कमी होतो आणि नवीन घ्यावे लागतात. हा खर्च आधीच धरा.

मे महिन्यानं मात्र अंत पाहिला. मांडीपर्यंतचे मोजे घामानं घसरायचे आणि वरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली पुरळ उठलं. डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे घेतले. फायदा तेवढाच राहिला, घालायचा त्रास मात्र निम्मा झाला. गोळे जवळजवळ थांबले, संध्याकाळची सूज उतरली. घोट्याचा काळा डाग मात्र आहे तसाच आहे.

त्या डागामुळेच निर्णय घ्यावा लागला. पहिल्या ठिकाणी पाय जेमतेम बघून दोन्ही पायांच्या लेसरचं पॅकेज सांगितलं, ‘आज बुकिंग केलं तर सूट’ म्हणाले. मला ते पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी उभं करून डॉपलर, म्हणजे शिरांमधल्या रक्ताची सोनोग्राफी केली. पोटरी दाबून सोडली की रक्त किती वेळ उलटं वाहतं ते त्यात दिसतं. अशा वरवरच्या शिरेत ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर झडप निकामी समजतात. डाव्या पायाची जांघेपासून येणारी मुख्य शीर नादुरुस्त निघाली. या आजाराच्या C0 ते C6 अशा पायऱ्या असतात. माझा डावा C4, म्हणजे कातडी बिघडलेली, आणि उजवा C2, नुसत्या फुगलेल्या शिरा. C5 म्हणजे भरलेली जखम, C6 म्हणजे वाहती जखम. डॉक्टर म्हणाले, “ताई, डाव्याला जखम व्हायच्या आधी करून घ्या. उजव्याची घाई नाही.” मला ते एकदम पटलं.

पर्याय चार होते. जुनं ऑपरेशन, शीर काढून टाकण्याचं. फेसाचं इंजेक्शन, स्वस्त, पण शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. खास गोंदानं शीर बंद करणं, ते महाग पडत होतं. आणि लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं आतून शेकून बंद करणं. रेडिओफ्रिक्वेन्सीत शिरेत सरकवलेल्या नळीचं 7 सेंटिमीटरचं टोक 120 अंशांपर्यंत तापवून एकेक टप्पा 20 सेकंदांत बंद करतात. आजूबाजूला भाजू नये म्हणून शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात. त्याच दिवशी चालायला लावतात. माझ्या मुलीनं उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या सूचना वाचून दाखवल्या. त्यांतही आधी उष्णतेचे उपचार, ते जमत नसतील तर फेस, मग ऑपरेशन असा क्रम आहे. नुसते मोजे कोणासाठी, तर ज्यांना यांतलं काहीच चालणार नाही त्यांच्यासाठी. नणंदेनं जळवा लावून घ्यायला सांगितलं होतं. तिच्या मायेपोटी ऐकून घेतलं, पण जळवेनं झडप कशी दुरुस्त होईल?

एक गोष्ट जीव तोडून सांगते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. पाय दुखतात म्हणून त्यांनी माझी जुनी जोडी मागितली. डॉक्टरांनी आधी त्यांच्या घोट्याचं आणि दंडाचं रक्तदाब-माप घेऊन गुणोत्तर काढलं. त्यांचा दोष निघाला धमनीत, रक्त खालीच कमी पोचत होतं. असं गुणोत्तर 0.5 च्या खाली असताना घट्ट मोजे घातले तर पाय गमवायची वेळ येऊ शकते. मधुमेहात धमन्या कडक होऊन ते माप फसवंही येतं. तेव्हा घरातल्या कोणाला आपले मोजे देऊ नका. चालताना पोटरी धरत असेल किंवा पाऊल गार पडत असेल, तर आधी धमन्या तपासा.

विम्याचंही बघून ठेवा. अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. माझी ती दोन वर्षं नुकतीच संपली.

नवरात्रात उपासामुळे डबे कमी असतात, तेव्हा डावा पाय रेडिओफ्रिक्वेन्सीनं करून घेतेय. पोळ्यांचं जाऊबाई बघणार आहेत. उजव्या पायाला मोजा चालूच राहील, वर्षानं पुन्हा डॉपलर. कोणी नागपुरात किंवा दुसरीकडे असा एकच पाय करून घेतला असेल, तर ओट्याशी किती दिवसांनी उभं राहता आलं ते जरूर लिहा.