आठ महिने इअरप्लग घालून झोपल्यावर

आमच्याकडे घोरणं हा सतरा वर्षांचा विषय आहे. ह्यांनी पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला सुरुवात. सासूबाईंचं म्हणणं, "त्याच्या वडिलांचंही अस्संच होतं गं," आणि विषय संपला. कोपरानं ढोसून कूस बदलायला लावायची, हा माझा दहा मिनिटं टिकणारा इलाज. वेगळ्या खोलीत झोपावं तर घर वन बीएचके, आणि हॉलमध्ये लेकीचा अभ्यास. मार्चमध्ये ऑफिसात भर मीटिंगला डोळा लागला, त्याच संध्याकाळी इअरप्लग मागवले.

आधी घेतले सिलिकॉनचे, एकावर एक तीन छत्र्या असलेले. पोहायला ठीक असतील. मी डाव्या कुशीवर झोपते. वीस मिनिटांत कान ठणकायला लागला. दोन रात्रींत ते ड्रॉवरमध्ये गेले.

मग फोमचे. पन्नास जोड्यांची बरणीच घेतली, कारण वर एनआरआर ३३ (प्लग किती डेसिबल आवाज तोडतो त्याचा आकडा) लिहिलं होतं आणि मला वाटलं, जितका आकडा मोठा तितकी झोप गाढ. पहिला आठवडा सगळं ऐकू येत होतं. एक स्टार द्यायला बसलेच होते, पण चूक माझी होती. मी प्लग नुसता कानाच्या तोंडाशी बूच लावल्यासारखा कोंबत होते.

खरी पद्धत अशी. हात कोरडे हवेत. समईसाठी लांब वात वळतो ना, तसा प्लग बोटांत वळायचा, बारीक आणि सुरकुती न पडता. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची, अगदी शाळेत बाई ओढायच्या तशी. त्यानं आतली वाट सरळ होते. प्लग आत सरकवला की बोट ठेवून तीस सेकंद थांबायचं, तो आत फुगतो. मग दोन्ही कानांवर तळहात दाबून बघा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग नीट बसलाय. तळहातानं एकदम शांत झालं तर काढा आणि पुन्हा वळा. मला जमायला दहा-बारा दिवस लागले, आणि डावा कान अजूनही कधी कधी दगा देतो.

आकड्याबद्दलही नंतर कळलं. तो प्रयोगशाळेतला असतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं १९९८ साली कामगारांसाठी सांगितलं होतं की फोमच्या प्लगचा आकडा निम्माच धरा. त्यात घोरणं म्हणजे खर्जातला आवाज, आणि प्लग बारीक, तीक्ष्ण आवाज जितका अडवतो तितका खर्ज अडवत नाही. शिवाय थोडी घरघर गादीतून, उशीतून हाडांपर्यंत येतेच. त्यामुळे शून्य शांतता विसरा. मला ऐकू येतं ते लांबच्या रस्त्यावरून ट्रक गेल्यासारखं. त्यावर पंखा तीनवर ठेवला की तेही विरतं. प्लग आणि पंखा ही जोडी नुसत्या प्लगपेक्षा कितीतरी चांगली.

बरणीतले प्लग माझ्या कानाला जाड होते. शेवटी थ्रीएमचे ११०० नंबरचे, पुढे निमुळते असलेले केशरी प्लग घेतले. त्यांचा एनआरआर २९, म्हणजे कागदावर कमी, पण माझ्या कानात नीट बसतात म्हणून आवाज उलट जास्त तुटतो. उशीला टेकून दुखू नये म्हणून मागचं टोक दोन-तीन मिलिमीटर कापते. जास्त कापू नका, सकाळी चिमटीत धरायला काही उरलं पाहिजे. आणि काढताना हळू पिळत काढायचे, खस्सकन ओढायचे नाहीत.

गजर मात्र ऐकू येत नाही. दोनदा दूधवाला बेल वाजवून परत गेला. आता हाताला थरथरणारा पट्टा बांधून झोपते. धुण्याचं म्हणाल तर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून वाळवायचे. पण जुलै-ऑगस्टात ते धड वाळत नाहीत, म्हणून पावसाळ्यात सरळ टाकून नवे घेतले.

जुलैमध्ये एक कान बंद झाला. डॉक्टरांनी मळ काढला आणि सांगितलं, रोज प्लग घातला की मळ आत सरकतो; दहा दिवस काही घालू नका आणि बडने कोरू तर मुळीच नका.

त्या दहा दिवसांत, चार महिन्यांनी, मी ह्यांचं घोरणं पुन्हा नीट ऐकलं. पूर्वी ते मध्येच थांबलं की "सुटले" म्हणून मी डोळे मिटायची. या वेळी जागीच होते, म्हणून आकडे मोजले. अठरापर्यंत श्वासच नाही, आणि मग गचका देऊन, गुदमरल्यासारखा एकदम आत. तासाभरात कितीतरी वेळा. सकाळी सांगितलं तर हे म्हणतात, "मला तर छान झोप लागली." आणि दुपारी सोफ्यावर पेपर छातीवर ठेवून पुन्हा घोरत.

झोपेची तपासणी केली. तासाला सरासरी २२ वेळा श्वास अडखळत होता. पंधरा ते तीस म्हणजे मध्यम स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास थांबण्याचा आजार. आता सीपॅप मशीन आलंय, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. ते लावलं की घोरणं जवळजवळ नाही, फक्त मास्क सैल झाला तर फुस्स आवाज येतो. म्हणून प्लग मागवायच्या आधी दोन रात्री घोरणं ऐका, त्यातल्या थांबण्यासकट. मी ते केलं नाही आणि चार महिने कानात बोळे घालून शेजारी निवांत झोपले, याचं अजून वाईट वाटतं.

प्लग सुटलेत असं नाही. आठवड्यातून दोन रात्री "आज सर्दी आहे" म्हणून मशीन बाजूला जातं. त्या रात्रींसाठी केशरी जोडी कुंकवाच्या जुन्या डबीत उशाशी असते. ती पन्नासची बरणी लेकीनं परीक्षेसाठी पळवली. तुम्ही एकदम बरणी घेऊ नका, दोन-तीन प्रकारांची एकेक जोडी घेऊन बघा. कान ज्याचा त्याचा वेगळा, माझे तर दोन्हीही सारखे नाहीत.