श्वेत बटू पाहायचाय? व्याधाच्या आधी यमुनेकडे वळा

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घरी आली की बहुतेकांना पहिली ओढ लागते ती व्याधाच्या जोडीदाराची. साहजिक आहे. अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवरचा, 8.4 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आकड्यांत सोपा वाटतो. पण त्याला चिकटून उणे 1.46 प्रतीचा व्याध बसलाय, त्याच्याहून नऊ-दहा हजार पट प्रखर. दोघांमधलं अंतर सध्या साधारण 11 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणजे पन्नास वर्षांच्या फेरीतला हा चांगलाच काळ. तरीही हवा जरा थरथरली की संपलं.

त्या रात्री आधी मृगातल्या राजन्याचा (रायजेल) जोडीदार पाहा. तो साडेनऊ विकलांवर आहे आणि बराच सोपा आहे. तो स्वच्छ सुटा दिसला नाही, तर व्याधाच्या वाटेला जाऊ नका. दिसला, तर दुर्बीण हलवू नका आणि व्याधाला दृष्टिक्षेत्राच्या पश्चिम कडेनं बाहेर सरकू द्या. जोडीदार पूर्वेला असल्यानं मागून येतो, त्यामुळे व्याध कडेआड गेल्यावर अर्धा-पाऊण सेकंद तेवढा तोच उरतो. नजर तिथेच रोखून ठेवायची. प्रश्वा या ताऱ्याचा श्वेत बटू जोडीदार त्याहूनही अवघड, त्याचा विचार आत्ता सोडूनच द्या.

माझं मत विचाराल तर पहिला श्वेत बटू 40 एरिडानीचाच पाहावा. राजन्यापासून पश्चिमेला दीड मूठ (हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची) गेलं की यमुना तारकासमूहात, जवळपास त्याच पातळीवर, अंशभर अंतरावर दोन तारे दिसतात. त्यातला दक्षिणेकडचा, 4.4 प्रतीचा, आपला. डिसेंबरअखेर रात्री साडेदहाला पुण्या-मुंबईहून तो 60 अंशांहून उंच असतो. मुख्य तारा पिवळसर नारिंगी, आणि त्याच्यापासून 83 विकला दूर, झगमगाटाबाहेर, 9.5 प्रतीचा पांढुरका ठिपका. तोच श्वेत बटू. शोधावा लागत नाही, तो आपसूक दिसतो. मग आयपीस बदला, दीडशेपट करा आणि नजर किंचित बाजूला ठेवा. त्याच्या अंगाला आठ-नऊ विकलांवर 11.2 प्रतीचा लाल बटू, म्हणजे छोटा, थंडसर तारा, हळूच उमटतो. एकाच दृष्टिक्षेत्रात तीन प्रकारचे तारे, तेही 16 प्रकाशवर्षांवर!

विल्यम हर्शेलनं ही जोडी 1783 मध्येच नोंदवली होती, पण तिचं मोल कळलं 1910 मध्ये. खगोलशास्त्रज्ञ हेन्री रसेलनं त्यातल्या या श्वेत बटूच्या वर्णपटाबद्दल विचारलं, आणि हार्वर्डमध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांनी सांगितलं की तो ए वर्गाचा, म्हणजे तप्त पांढरा. एवढा मंद आणि तरी पांढरा, म्हणजे आकारानं भलताच लहान. पृथ्वीहून थोडाच मोठा, वस्तुमान मात्र सूर्याच्या निम्म्याहून अधिक. तो ठिपका पाहताना हे मनात असलं की दुर्बिणीपासून हलवत नाही.

मग स्टाइन 2051 ही श्वेत बटू असलेली आणखी एक जोडी कुणासाठी? ज्यांनी वरचं पाहून झालंय आणि ज्यांच्याकडे काळोख आहे त्यांच्यासाठी. साधारण 18 प्रकाशवर्षांवर, जिराफ तारकासमूहात, ब्रह्महृदयाच्या उत्तरेला पंधरा अंशांवर. आसपास खुणेचा तारा नाही, नकाशाशिवाय सापडत नाही. लाल बटू 11 प्रतीचा, श्वेत बटू 12.4 चा, मध्ये दहाएक विकला. शहरात आठ इंचाला हे जमणार नाही. गावाकडे अमावास्येला, डोळे अर्धा तास अंधाराला सरावल्यावर, जमतं. दिसतात ते दोन मंद ठिपके, रंग वगैरे काही नाही. पाहणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पण त्यातल्या श्वेत बटूनं मोठं काम केलंय. 2014 मध्ये तो एका दूरच्या ताऱ्याजवळून सरकताना हबल अवकाश दुर्बिणीनं त्या ताऱ्याचा प्रकाश वळलेला टिपला. भारतीय वंशाचे कैलाश साहू आणि सहकाऱ्यांनी त्यावरून त्याचं वस्तुमान काढलं: सूर्याच्या सुमारे 0.68 पट. आपल्या सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्यामुळे प्रकाशाचं असं वळणं त्याआधी कुणी मोजलं नव्हतं. खुद्द आइन्स्टाइनला तशी आशा नव्हती.

कॅमेरा जोडता येत असेल, तर मात्र मी स्टाइनलाच पुढे ठेवेन. तो वर्षाला सुमारे 2.4 विकला सरकतो. या हिवाळ्यात एक फोटो काढा, तीन वर्षांनी त्याच जागेचा दुसरा, आणि दोन्ही एकावर एक ठेवा. बाकीचे तारे जागच्या जागी राहतील, ही जोडी तेवढी हललेली दिसेल.