हत्तात: 'पापार्पण' म्हणायचं की 'शुद्धीचं अर्पण'?

बायबलातलं लेवीय हे पुस्तक वाचताना किंवा अभ्यासवर्गात शिकवताना 'हत्तात' या हिब्रू शब्दापाशी गाडी अडली असेल तर समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे मराठी बायबलात छापलेला 'पापार्पण', आणि दुसरा 'शुद्धीचं अर्पण', जो जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने १९७१ च्या लेखात लावून धरला.

पापार्पणाची बाजू सरळ आहे. हिब्रूत पाप आणि त्या पापासाठीचं अर्पण, दोन्हीला हत्तातच म्हणतात. देव काइनाला सांगतो ना, पाप दाराशी दबा धरून बसलंय, तिथेही हाच शब्द आहे. लेवीय ४ मधला प्रसंगही तसाच, कुणाच्या हातून नकळत आज्ञा मोडली की त्याने जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, ते कापायचं, आणि शेवटी येतं की त्याला क्षमा होईल. जुन्या ग्रीक भाषांतरातही पापाचाच शब्द आहे.

पण मग १२ वा अध्याय येतो आणि सगळं बिनसतं. बाळंतीण. मुलगा झाला तर ४० दिवस, मुलगी झाली तर ८०, आणि ते संपले की होमार्पणाला कोकरू नि हत्तातला एक पारवा किंवा होला, कोकराची ऐपत नसेल तर नुसते दोन पक्षी. आता बाळंत होण्यात पाप कसलं? लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मानंतर मरीयेच्या बाबतीत हीच पक्ष्यांची जोडी येते, त्यामुळे वर्गात कुणीतरी विचारणारच की मरीयेने पापार्पण का करायचं, आणि तेव्हा तुमची पंचाईत होणार. आपल्याकडे सोयर फिटलं म्हणजे बाईने पाप केलं होतं असं कोणी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं नाही, पण मराठी माणसाला ही भानगड पटकन कळते हे खरं. नाजीर, म्हणजे नवसाने देवाला वाहून घेतलेला माणूस, नवस पूर्ण झाल्यावर तोसुद्धा हत्तात देतो. आणि लेवीय ८ मध्ये तर चक्क वेदीसाठी हत्तात आहे, लाकूडधातूची वेदी काय पाप करणार?

मला सगळ्यात जास्त पटतो तो रक्ताचा मुद्दा. याजक रक्तात बोट बुडवतो, वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लावतो, उरलेलं पायथ्याशी ओततो. पाप याजकाचं किंवा अख्ख्या मंडळीचं असेल तर रक्त आत नेऊन अंतरपटासमोर सात वेळा शिंपडतो (लग्नातला नव्हे, पवित्रस्थानाचा). ज्याने अर्पण आणलं त्याच्या अंगाला थेंबही लागत नाही! त्वचारोग्याच्या शुद्धीत कानाच्या पाळीला रक्त लावतात खरं, पण ते दोषार्पण नावाच्या वेगळ्या अर्पणाचं, हत्तातचं नाही. म्हणजे मिलग्रोमच्या मते घाण माणसामुळे झाली तरी साचते पवित्रस्थानात, आणि हत्तात ती जागा धुतं. स्तोत्र ५१ मध्ये एजोबाने (शिंपडायला वापरायची एक वनस्पती) मला शुद्ध कर म्हणताना जे क्रियापद येतं तेही याच धातूचं.

तरी मिलग्रोम सगळीकडे चालत नाही, अध्याय ४ मधली क्षमा सरळ माणसालाच मिळते, त्यावर अभ्यासकांनी त्याला धरलंही आहे. म्हणून मी स्वतः उताऱ्याचा शेवट बघतो. 'त्याला क्षमा होईल' असेल तर पापार्पण राहू दे, लोकांच्या कानाला सवय आहे. 'ती शुद्ध होईल' असेल, जसं बाळंतिणीचं, तर शुद्धीचं अर्पण. सगळीकडे एकच शब्द हवा असा हट्टच असेल तर शुद्धीवालाच घ्या, कारण तो अध्याय ४ मध्येही खपतो, पापार्पण मात्र वेदीला लागू पडत नाही.

'पापबळी' मात्र लिहू नका. पक्ष्यांचीही ऐपत नसलेल्याने एक दशमांश एफा, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाचं पीठ आणायचं, त्यावर ना तेल ना धूप, आणि तेसुद्धा हत्तातच. पिठाला बळी कसं म्हणणार?