इंजिनात नसलेल्या पट्ट्याचं बिल

महामार्गावरच्या एका गॅरेजने माझ्या बाबांकडून १५,२०० रुपये घेतले. त्यातले ८,५०० ‘टायमिंग बेल्ट किट’चे. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा आतला पट्टा. तिच्या १.३ लिटर इंजिनात तो नसतोच, त्याच्या जागी टायमिंग चेन असते. म्हणजे जी वस्तू गाडीत नाही, ती ‘बदलल्याचे’ पैसे घेतले. हे सविस्तर लिहितोय, कारण हाच डाव उद्या तुमच्या आई-वडिलांवर टाकला जाऊ शकतो.

आई-बाबा सांगलीहून पुण्याला माझ्याकडे येत होते. कराड सोडल्यावर एसी लावला की बॉनेटखालून चीं चीं आवाज यायला लागला, आणि बॅटरीचा लाल दिवा मधूनच लुकलुकायला लागला. बाबांनी गाडी बाजूला घेतली ते बरोबरच केलं. हा दिवा म्हणजे नुसती बॅटरी नव्हे. या गाडीत बाहेरचा एकच पट्टा, ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो, अल्टरनेटरबरोबर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) एसीचा कॉम्प्रेसर आणि इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंपही फिरवतो. तो निसटला किंवा तुटला की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापतं.

जवळच्या गॅरेजमधल्या माणसाने बॉनेट उघडलं, हाताने काहीतरी हलवलं आणि म्हणाला, “काका, टायमिंग बेल्ट गेलाय. अशीच चालवलीत तर व्हॉल्व्ह वाकतील, इंजिन बसेल. लाखभर रुपये जातील. बरं झालं इथंच थांबलात.” सोबत आई, ऊन वर आलेलं, पुणं अजून लांब. ‘टायमिंग’ या शब्दाला लोक घाबरतात ते उगाच नाही. ज्या इंजिनांत तो पट्टा असतो, त्यांतल्या बहुतेकांत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून खरोखरच मोठं नुकसान होतं. खऱ्या भीतीचाच त्याने वापर केला. मग दोघांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं. परत आले तेव्हा आवाज बंद, दिवा बंद आणि हातात कच्चं बिल: किट ८,५००, अल्टरनेटर रिपेअर ४,२००, मजुरी २,५००.

आईने एक गोष्ट फार चांगली केली. “जुना पट्टा द्या,” म्हणाली, आणि मिळालेला तुकडा पिशवीत घालून घेऊन आली.

पुण्याला पोचेपर्यंत आवाज परत सुरू झाला होता. मी पिशवीतला पट्टा पाहिला. त्याला आडवे दात होते. दात टायमिंग बेल्टलाच असतात. फॅन बेल्टला लांबीच्या दिशेने उभ्या पन्हळी असतात. म्हणजे तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा पट्टा होता. असे फाटके पट्टे गिऱ्हाइकाला दाखवायला जपून ठेवत असणार, असंच मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. रिपेअर केलेल्या अल्टरनेटरच्या बोल्टांवर तेलात कालवलेल्या धुळीचा थर जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. चेनच्या कव्हरचंही तेच. ते उघडायचं तर क्रँकची पुली काढावी लागते, परत बसवताना नवीन सीलंट लागतं. चहा होईपर्यंत उरकणारं ते काम नाही. फॅन बेल्टला मात्र हात लागला होता. त्यावर चिकट स्प्रे मारलेला. हा स्प्रे पट्टा घसरू देत नाही, म्हणून आवाज तेवढ्यापुरता दबतो. मग त्यावर धूळ बसते आणि पट्टा पहिल्यापेक्षा खराब होतो.

खरा दोष शोधायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन बंद असताना बॅटरीवर मल्टिमीटर लावला: १२.५ व्होल्ट. चालू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर धडधाकट. बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसत असेल, तर ‘अल्टरनेटर गेला’ या निदानावर कुणी सही करू नये.

मग पाण्याचा फवारा. इंजिन सुस्त चालू ठेवून, हात, ओढणी, बाह्या लांब ठेवून पट्ट्याच्या पन्हळीच्या बाजूवर थोडंसं पाणी मारायचं. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे किंवा टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची पुली, दमला आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. काहीच फरक पडला नाही, वर घरघर असेल, तर संशय बेअरिंगवर. आमच्याकडे पाणी मारताच चीं चीं वाढली, आणि तिच्याखाली एक बारीक खरखर होती ती तशीच राहिली.

यापुढचं काम इंजिन गार असताना, किल्ली खिशात ठेवून. पट्टा कुठून कुठे जातो त्याचा आधी फोटो काढा, नाहीतर बसवताना घोळ होतो. टेन्शनरला पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवला की पट्टा सैल होऊन निघतो. आता प्रत्येक पुली बोटांनी फिरवायची. हाच या सगळ्या तपासाचा गाभा आहे, आणि गॅरेजवाल्याने तो तुमच्यासमोर करून दाखवला नाही तर एक रुपयाही देऊ नका. चांगली पुली गुपचूप, एकसारखी फिरते. आमच्या टेन्शनरची पुली बोटांना वाळू भरल्यासारखी लागत होती, वर-खाली हलतही होती. बेअरिंगमधलं ग्रीस संपलेलं. पुली तिरकी झाल्यामुळे पट्ट्याची एक कड कुरतडली होती. नवीन पट्टा घेताना जुन्यावरचा आकडा पाहा: ‘६पीके’ म्हणजे सहा पन्हळी, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. आणि आजचे ईपीडीएम रबराचे पट्टे झिजले तरी भेगा पडतीलच असं नाही, त्यामुळे ‘भेग नाही म्हणजे चांगला’ हेही खरं नाही.

टेन्शनर आणि पट्टा मिळून तीन हजारांच्या आसपास खर्च आला. आवाज गेला, दिवा गेला.

बाबा निवृत्त शिक्षक. पैशांपेक्षा त्यांना ‘बरं झालं इथंच थांबलात’ हे वाक्य जास्त लागलं आहे. मला राग आहे तो त्याचा.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ ला फोन करता येतो, आणि विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय असेल तर टोइंग मिळतं. अनोळखी गॅरेजात इंजिन उघडायला देण्यापेक्षा गाडी ओढून नेणं स्वस्त पडतं. आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे बाबांना गॅरेजच्या गावी खेटे घालायला नकोत, सांगलीतून होईल. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कच्चं बिल, यूपीआयची पावती, धुळीने भरलेल्या बोल्टांचे फोटो आणि तो आडव्या दातांचा पट्टा, सगळं एका फाइलीत लावून ठेवलं आहे.