खाटांचं हॉस्पिस की घरपोच सेवा? नव्या संस्थेने आधी काय सुरू करावं

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांसाठी काम करायचं ठरवलं की विश्वस्तांच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो जागेचा. इमारतीसाठी देणगी मिळते, सिस्टरच्या पगारासाठी मिळवताना दमछाक होते, हे खरंच आहे. तरीही माझं मत आधी घरपोच सेवा, मग खाटांचं हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेऊन त्यांचा त्रास कमी करणारं केंद्र.

खाटांची गरज मी नाकारत नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ मध्ये उभं राहिलं. घरी आटोक्यात न येणारी वेदना, सतत वाहणारी जखम, किंवा दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि त्यातलंच एक अंथरुणाला खिळलेलं, अशा वेळी खाटेला पर्याय नसतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही नसतो. पण दहा खाटा म्हटल्या तरी तिन्ही पाळ्यांना सिस्टर, मावशी, स्वयंपाकघर, धुणं, नर्सिंग होमची नोंदणी हे सगळं आलं. खाटा रिकाम्या राहिल्या तरी पगार थांबत नाहीत. आणि लांबून आलेल्या नातेवाइकाची रोजची मजुरी बुडते ती वेगळीच.

घरपोच सेवेत खर्च माणसांवर आणि गाडीवर होतो. दिल्लीत कॅनसपोर्ट ही संस्था १९९० च्या दशकापासून डॉक्टर, नर्स, समुपदेशक असं पथक घरी पाठवते, तेही मोफत. घरी नेमकं काय होतं? सिस्टर खाटेच्या कडेला बसते आणि दुखण्याबरोबरच संडासला कधी झाली हेही विचारते, कारण मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाने पोट धरतं. म्हणून त्या गोळीच्या जोडीला पोट साफ होण्याचं औषध लागतंच. तोंडाच्या कॅन्सरची जखम असेल तर वास कमी करणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड करून ती जखमेवर टाकते आणि हे सुनेकडून एकदा समोर करवून घेते. वास कमी झाला की दारातूनच परत फिरणारी नातवंडं आत येऊन बसतात. हे काम घाईत होत नाही. एका पथकावर दिवसाला चार-पाच घरांपेक्षा जास्त लादली की भेट नुसती उरकली जाते.

मॉर्फिन दोन्हीकडे लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी अनेक परवाने काढावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त संस्था म्हणून मान्यता घ्यायची आणि प्रशिक्षित डॉक्टर ठेवायचा. या मान्यतेआधी सेवा सुरू करू नका. मॉर्फिनशिवाय घरी जाणं म्हणजे तळमळणाऱ्या माणसाचं बीपी मोजून परत येणं. घरपोच सेवेत हिशेबाचं काम मात्र वाढतं: कोणाकडे किती गोळ्या दिल्या, मृत्यूनंतर किती परत आल्या, सगळं नोंदवावं लागतं.

घरपोच सेवेची खरी परीक्षा रात्री असते. रात्री दोनला धाप लागली आणि फोन कुणी उचलला नाही, तर घरचे घाबरून रुग्णाला आयसीयूत नेतात आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला, नमुना ४अ, देणारा डॉक्टर पहाटे मिळेल का, हेही आधीच ठरवा. खाटांच्या केंद्रात हे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात, आणि माझ्या लेखी त्या बाजूचा हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

केरळचा दाखला नेहमी दिला जातो. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, २००८ मध्ये राज्याचं धोरणही आलं. आपल्याकडे आशाताई आणि बचत गटातल्या बायका रुग्ण शोधायला, किराणा पोचवायला, घरच्यांना धीर द्यायला मोठा आधार ठरू शकतात. सिस्टर मात्र पगारीच हवी, स्वयंसेवकांवर रात्रीचा फोन टाकू नये.

तेव्हा पथक तासाभरात पोचेल एवढाच परिसर घ्या. आणि पहिला रुग्ण नोंदवण्याआधी गावातल्या एखाद्या रुग्णालयाशी दोन खाटांचा लेखी करार करा. भरती कोणाच्या सांगण्यावरून होईल आणि बिल कोण देईल, हे त्यातच लिहून घ्या.